नेरिडाचं पातळ टूल

नेरिडा गेल्याचा फोन सकाळी आला आणि दुपारी तिचा नवरा मर्व्ह बर्नी गावातल्या तिच्या वर्कशॉपमध्ये पोहोचला, तर तिच्या लेथवर तिथलाच कारागीर लॉईड उभा. लेथच्या चकमध्ये, फिरत्या पकडीत, तिनं कातलेलं बोटीच्या पंपाचं पितळी बुश, म्हणजे पोकळ नळकांडं, होतं; फक्त पार्टिंग टूलच्या पात्यानं मूळ पितळी गजापासून कापायचं राहिलेलं. लॉईडनं नवं जाड टूल शिकंज्यातून बोटभर बाहेर काढून लावलं होतं. “घरी जा रे, म्हाताऱ्या. दोन मिनिटांत कापतो.” “एवढं बाहेर?” मर्व्ह ओरडला. “थरथरेल, अडकेल, बुश फुकट जाईल! तिचं पातळ टूल कुठंय?” “ते झिजलेलं? टाकलं भंगारात.” “तिनं स्वतः घासून केलंय, गाढवा!” मर्व्हनं भंगाराची बादली उपडी केली, टूल शोधलं, थोडंसंच बाहेर ठेवून शिकंज्यात आवळलं. “आता काप की,” लॉईड म्हणाला. मर्व्हनं यंत्र सुरू केलं; टूल फिरत्या पितळेला टेकलं. त्यानं लगेच ते थांबवलं. “हे कापलं की तिचं काम संपलं.” बुश अजून गजालाच आहे.