आतला गाल

"आ करा. अहो, नीट. हा काय आ झाला?"

नवऱ्याने जमेल तेवढं तोंड उघडलं. जमेल तेवढं म्हणजे जेमतेम दोन बोटं. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात मऊ ब्रश घेऊन ती वाकली. घरी आल्यापासून रोज सकाळी हे काम तिचं. कॅन्सर झालेला भाग काढून डॉक्टरांनी गाल आतून नवा बसवला होता. हाताची कातडी गालात, मांडीची हातावर. "सगळ्यांच्याच बदल्या झाल्या," असं ती भेटायला येणाऱ्यांना हसून सांगायची.

सांगायची नाही ते टॉर्चच्या उजेडात समोर होतं. त्याच्या डाव्या हातावर गोंदलेलं नाव. हिरवट, आता गालात आडवं पडलेलं. मान वाकडी केली की वाचता यायचं. पहिल्या बायकोचं नाव. म्हणजे हिच्याच वारलेल्या थोरल्या बहिणीचं.

"हातावर नाव आहे म्हणून विचारतो," डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, "नुसत्या मांडीच्या कातडीवरही भागेल."

"हाताचीच घ्या," ती पटकन बोलून गेली होती. इतकी वर्षं ताट वाढताना, पांघरूण घालताना तो हात समोर. एकदाचा डोळ्यांआड होईल. नवऱ्याचा जीव टांगणीला लागलेला, आणि हिच्या मनात हे.

आज नावाच्या कडेला दोन केस उगवले होते.

"आतूनही दाढी यायला लागली तुम्हाला," ती म्हणाली. मग टॉर्च खाली केला. "मांडीची चालली असती. मला विचारलं होतं डॉक्टरांनी. मीच..."

त्याने तिचं मनगट धरून ब्रश बाहेर काढला. बोलणं अजून जड होतं, तोंडात घास ठेवून बोलावं तसं.

"आधी मला विचारलं. मी म्हटलं, तिला विचारा."

"का पण?"

"गोंदलेलं राहू दे की नको, हे तुला कधी विचारलंच नव्हतं."

मग त्याने आपणहून तोंड उघडलं. "घास जोरात. तिथं मला काही कळत नाही."

तिने ब्रश बाजूला ठेवला. बोटाला ओला कापूस गुंडाळला, मान वाकडी केली आणि एकेक अक्षर अगदी हळू पुसायला लागली. ताईला गुदगुल्या फार व्हायच्या.