हाकेच्या अंतरावर

"सोडा ती दोरी आता, बाई," सेक्रेटरी म्हणाले. "तिचं काम संपलं."

माळ्याच्या बायकोने दोरी सोडली नाही. उलट मुठीभोवती आणखी एक वेढा घेतला. दोरीचं दुसरं टोक नेहमीसारखं माळ्याच्या कमरपट्ट्याला होतं, आणि माळी नवीन मशीन खांद्याला अडकवून, फोटो काढायला उभं केल्यासारखा अवघडून उभा होता.

वसाहतीतली पेट्रोलची यंत्रं आजपासून बंद. गवत कापायचं गेलं, पाला उडवायचं गेलं, दोन्ही गॅरेजमागे भंगारात पडली होती. त्यांच्या जागी हे बॅटरीचं मशीन. धूर नाही, वास नाही, आवाज तर नाहीच. गवत कापायच्या त्या जुन्या फटफटीने सगळ्यांचे कान किटले होते. माळ्याचे तर केव्हाच गेले होते. पण हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं.

फटफटीचे उपकारच म्हणायचे, तिने नेलं ते तिनेच झाकलं. तिच्या धडधडाटात कोणालाच काही ऐकू यायचं नाही, तिथे एकट्या माळ्याचं काय कळणार! तो मोठ्याने बोलायचा, तर वसाहतीने त्याचं नाव भोंगा ठेवलं आणि विषय संपवला. समोरून बोललं की ओठांवरून त्याला बरंचसं कळायचं. पाठीमागची बाजू बायको सांभाळायची, दोरीने. एक हिसका म्हणजे थांबा, दोन म्हणजे कोणीतरी येतंय. येणारेजाणारे थट्टा करायचे, "वहिनी, धरून ठेवा, बैल सुटेल हां!" तीही ऐकून घेणारी नव्हती. "सुटला तर तुमच्याच गुलाबांत शिरेल," म्हणायची. लोक हसायचे. हसू देत बापडे, तिला वाटायचं. हसणारी माणसं चौकशा करत नाहीत.

आणि चौकशी झाली तर? फाटकावरच्या म्हाताऱ्या वॉचमनला नीट दिसत नाही हे कळल्यावर त्याच आठवड्यात त्याला नारळ मिळाला होता. नोकरीबरोबर पंपाशेजारची खोलीही गेली. त्या खोलीत आता हे दोघं राहत होते.

"राहू दे की, साहेब," ती म्हणाली. "सवय झालीय आम्हाला."

"अहो, सवयी मोडायलाच तर हे सगळं केलं!" सेक्रेटरी मजेत होते. या मशीनसाठी ते सभेत घसा बसेपर्यंत भांडले होते. त्यांनी तिच्या मुठीतून टोक सोडवलं, गवतावर टाकलं, आणि माळ्यासमोर उभं राहून म्हणाले, "आता दोरी नको, कळलं का? नुसती हाक मारायची!"

माळ्याने त्यांचे ओठ पाहिले. "नुसती हाक!" तो गरजला.

"मशीन गप्प झालं, पण भोंगा काही गप्प होत नाही," बाकावरून कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

त्याने बटण दाबलं. लांब कुठेतरी शिवणयंत्र चालावं एवढाच आवाज आला. लांब दांड्याच्या टोकाचं पातं फिरलं, गवत पडायला लागलं. उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे, माळी पुढे निघाला. मागून दोरी फरफटत चालली. पोरांनी "शेपूट, शेपूट" करत टाळ्या पिटल्या.

रिकाम्या हाताचं काय करावं, त्याच्या बायकोला कळेना.

फटफटी सुरू झाली की हीच पोरं कानांवर हात ठेवून पळायची. या मशीनला कोण भिणार? सेक्रेटरींची नात आजोबांचं बोट सोडून कधी निघाली, कोणाच्या लक्षातच आलं नाही. दिसली तेव्हा ती माळ्याच्या डाव्या अंगाला, जराशी मागे होती, आणि कापलेलं गवत गोळा करायला वाकत होती. पातं उजवीकडे गेलं होतं. ते आता परत येणार होतं.

"थांब!" सेक्रेटरी ओरडले. "ए माळी! थांब, थांब!"

बाकावरच्या बायका किंचाळल्या. गच्चीवरून कोणी ओरडलं. नवा वॉचमन शिट्टी फुंकत धावत आला. माळी आपला मजेत कापत होता.

त्याची बायको ओरडली नाही. ती धावली, पण पोरीकडे नाही, दोरीकडे. गवतावर आडवं पडून तिने टोक धरलं आणि एकच हिसका दिला.

माळी जागच्या जागी थांबला. पातं थांबलं.

सेक्रेटरींनी नातीला उचलून छातीशी धरलं. तिच्या चिमुकल्या मुठीत गवत होतं. त्यांनी माळ्याच्या पाठीकडे पाहिलं, मग खाली पडलेल्या त्याच्या बायकोकडे, मग तिच्या हातातल्या दोरीकडे. बाकीचेही दोरीकडेच बघत होते. संपलं, तिच्या मनात आलं.

माळी सावकाश वळला. एवढी माणसं जवळ आलेली बघून त्याला वाटलं, मशीन पसंत पडलं वाटतं सगळ्यांना. मग त्याला बायको दिसली. गवतात लोळण घेतलेली, हातात दोरी. तीही साहेबांच्या देखत! त्याने कपाळावर हात मारला.

"अगं, दोरी कशाला ओढतेस?" तो सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल असं म्हणाला. "साहेब काय म्हणाले? नुसती हाक मारायची! आता सगळं ऐकू येतं."