पहिल्या अपडेटचा मान

आमची सून प्राजक्ता वाढताना हात आखडता घेते, हे मला तिच्या पहिल्याच पंगतीला कळलं होतं. पण कॉम्प्युटरलाही ती तसंच वाढेल असं वाटलं नव्हतं. आमच्या मसाल्याच्या कारखान्यात बावीस कॉम्प्युटर, सगळे तिच्याच ताब्यात. नवं अपडेट आलं, तर बाईंनी ते एकट्या माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला दिलं. उरलेल्यांचा नंबर म्हणे आठ-आठ दिवसांनी, थोड्याथोड्यांचा.

"पंगत बसवून एकालाच वाढतात का गं?" मी विचारलं.

"जरा थांबा, आई," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दिवाळीच्या मालाचा ट्रक दारात उभा आणि माझ्या कॉम्प्युटरवरून एकही लेबल निघेना. लेबलाशिवाय माल हलत नाही. मी अशी बोंब ठोकली की गोदामातल्या बायका हातातल्या मिरच्या टाकून धावत आल्या. प्राजक्ता मात्र शांत. तिनं बाकीच्यांचं अपडेट थांबवलं आणि जुन्यावरच चालणाऱ्या कॉम्प्युटरांवरून भराभर लेबलं काढली. दुपारी ट्रक वेळेत सुटला.

"पण पहिला बळी माझाच का?"

"इतरांचं काही बिघडलं तर ते तुमच्या भीतीनं दोन दिवस गप्प बसतात, आई. तुमचं बिघडलं की मिनिटात गावाला कळतं."

खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. मी पदर खोचला आणि सगळ्यांदेखत तिला सांगितलं, "पुढच्या खेपेलाही माझ्यापासूनच वाढायला घे. या कारखान्यात पहिली बोंब मारायचा मान माझा आहे."