गळक्या नळाचं गणित

“एक नळ टाकी चार तासांत भरतो. खालचा गळका नळ भरलेली टाकी सहा तासांत रिकामी करतो. दोन्ही चालू राहिले, तर टाकी भरायला किती वेळ लागेल?”

लॅपटॉपमधून बाबांचा आवाज आला आणि स्वयंपाकघरात बटाटे सोलणारा आईचा हात थांबला. बाहेरच्या खोलीत चिमी टेबलाशी बसली होती, पेन्सिल चावत, कपाळाला आठ्या घालून. आई दाराच्या आड सरकली. कॅमेऱ्यात दिसणार नाही आणि शब्द तर एकही चुकणार नाही, अशी ती नेमकी जागा होती.

“आधी नळ दुरुस्त करून घ्या म्हणावं,” ती पुटपुटली.

जुन्या घरातला नळ वर्षभर गळत होता. हे गृहस्थ भूमापक. लोकांच्या जमिनी इंच न् इंच मोजून द्यायचे, पण घरातल्या नळाला हात लावायला त्यांना सवड नव्हती. नळावरून सुरू झालेलं भांडण कुठल्या कुठे गेलं. नमतं घ्यायला कोणीच तयार नाही. शेवटी ते बदली मागून दुसऱ्या गावी निघून गेले. त्याला दोन वर्षं झाली. कागदोपत्री दोघं अजून नवरा-बायको होते, पण एकमेकांशी चकार शब्द नाही. जे काही सांगायचं ते चिमीमार्फत, तेही कामापुरतं.

मग चिमीच्या कॉलेजचं हे निघालं. वर्ग सुरू होण्याआधी गणिताची ऑनलाइन चाचणी द्यायची, घरी बसून, आपल्या सोयीच्या दिवशी. गुण चांगले पडले तर थेट वरच्या वर्गात, नाहीतर सहा महिने पायाभूत गणित घोटत बसा. चिमीने गणिताचा धसकाच घेतला होता. आई दातांच्या कवळ्या बनवायची. त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण बीजगणिताशी तिचं जन्मात कधी जमलं नाही. तेव्हा चिमीने बाबांना गळ घातली आणि रोज संध्याकाळी सातला तो आवाज घरात येऊ लागला.

पहिले काही दिवस आईने भांडी आपटली. मग आपटणं हळूहळू कमी झालं. पुढे तर तिने साहेबांना सांगून कामावरून सुटायची वेळ अर्धा तास अलीकडे आणली. गुडघा दुखतो म्हणाली. गुडघा ठणठणीत होता.

नशिबाने चिमी हेडफोन लावत नव्हती. बाबाही हल्ली घसा फोडून बोलायचे. पूर्वी शेजारी बसून बोलले तरी दोनदा विचारावं लागे, असा माणूस. त्यांच्याकडचं नेट खराब असेल, असं आईने ठरवून टाकलं होतं. गेल्या महिन्यापासून तर बापलेकीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती. हीच ती उदाहरणं, हेच ते अपूर्णांक.

आईला त्याचं बरंच वाटत होतं. हे ती कोणापाशी बोलू शकली नसती. पोटची पोर अडखळली की तिला हायसं वाटायचं. आपल्या मुलीने लवकर शिकू नये असं कोणत्या आईला वाटतं? चिमीने दोनदा चाचणीची तारीख पुढे ढकलली, तेव्हा ती वरवर रागावली आणि त्या रात्री मात्र गाढ झोपली. गोष्ट साधी होती. तिला नवऱ्याची फार आठवण येत होती. ते कबूल करायला तेवढी जीभ रेटत नव्हती.

“बारा तास?” चिमीने विचारलं.

“शाब्बास! टाकी भरते, पण उशीर लागतो.” बाबा जरा थांबले. “आणि काय गं, आपल्या त्या जुन्या नळाचा वॉशर मीच बदलायला हवा होता. चूक माझीच होती.”

आईच्या हातात अर्धा सोललेला बटाटा तसाच राहिला. दोन वर्षं ती या एका वाक्यासाठी झुरली होती आणि आज ते आलं, तेही लेकीच्या गणिताच्या पाठीमागून. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर ती त्यांना दिसली असती. ते तिने टाकलं नाही. तेवढ्यात चिमीने लॅपटॉप मिटला.

उद्या चाचणी द्यायचा शेवटचा दिवस, असं चिमीने आठवड्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे यापुढे सात वाजतील आणि घरात कोणी बोलणार नाही. आईला ते सहन होईना. ती हात पुसत बाहेर आली.

“चिमे, आणखी थोडे दिवस नाही का गं मिळणार? कॉलेजात विचारून तरी बघ. तुझे अपूर्णांक अजून कच्चे आहेत.”

चिमीने मान वर केली. तिचे डोळे भरून आले होते आणि तरी ती हसत होती.

“आई, चाचणी मी गेल्या महिन्यातच दिली. मला वरचा वर्ग मिळालाय.”

आई खुर्ची ओढून बसली. “अगं, मग त्यांना कशाला रोज राबवतेस? बिचारे कामावरून दमून येत असतील. त्यांना सांगितलं नाहीस?”

“त्याच दिवशी सांगितलं,” चिमी म्हणाली. “बाबा म्हणाले, आईला एवढ्यात सांगू नकोस.”