गडग्यापलीकडचा आवाज

सुगंधाचा लेक ज्या बोटीवर कामाला होता, ती युद्धाच्या टापूत अडकली होती आणि त्याचा फोन लागत नव्हता. घरात ती एकटीच. अंगणाच्या दगडी कुंपणापलीकडे, गडग्यापलीकडे, तिची जाऊ शेवंती राहायची, पण जमिनीच्या भांडणापासून दोघींचं बोलणं बंद. आणि नेमकी आता ही बया रोज तिन्हीसांजेला मोबाईल मोठ्याने लावायची. कधी दोन बुवांच्या सामन्याचं डबलबारी भजन, कधी दशावतारातला हसवणारा संकासूर, कधी जुन्या सिनेमातली गंमत.

"माझो जीव टांगणीक लागलो, आणि हिका नाटकां सुचतत!" म्हणत आज सुगंधा तणतणत गडग्याशी गेली.

मोबाईल गडग्यावर टेकवून ठेवला होता, तोंड सुगंधाच्या घराकडे. शेवंती पाठमोरी बसून मांजरीला विचारत होती, "तिका आयकाक येता मा गो?"