पारोळ्याच्या गिरण्या

नेहमीची गिरणी आज बंद होती, म्हणून हर्षदाने सासऱ्यांच्या मोबाइलवर 'जवळची पिठाची गिरणी' शोधली. घर सुरतेत, गोडादऱ्यात. आणि सगळ्या गिरण्या निघाल्या खानदेशातल्या, पारोळ्याच्या! त्याच मोबाइलमधल्या दुसऱ्या ब्राउझरने मात्र मागच्याच गल्लीतली गिरणी दाखवली. म्हणजे घोळ फक्त पहिल्या ब्राउझरचा. तिने सेटिंग उघडलं. ठिकाणाच्या रकान्यात कुणीतरी हाताने 'पारोळा' भरलं होतं. पारोळा तिचं माहेर. वरच्या कोपऱ्यात हवामानही तिथलंच दिसत होतं. लग्न झाल्यापासून सासरे रोज चहा घेताना सांगायचे, "पोरी, आज पारोळाले थंडी शे. तुनी माय उनमा बशेल व्हई." तिला वाटायचं, आप्पा व्याह्यांना फोन करत असतील. "काय व्हयनं मोबाइलले?" आप्पांनी विचारलं. काहीही न बदलता तिने सेटिंग बंद केलं. "काहीच नही, आप्पा. सांगा ना, आते पारोळाले कसं शे?"