निळी वही

एम.एस्सी. नर्सिंग शिकणारी साखळी गावची गौरवी वॉर्डात आली, तेव्हापासून सुलोचना सिस्टरच्या मनात पाल चुकचुकत होती. पोरगी निळी वही घेऊन सारखी पाठीपाठी फिरायची. “काय गो लिहितेस एवढं?” “काही नाही, सिस्टर, अभ्यास.” अभ्यास कसला! तीस वर्षं खपलेल्या डिप्लोमावालीच्या चुका टिपायच्या, वर पोचवायच्या, डिग्रीच्या जोरावर इन्चार्जची खुर्ची पटकावायची. आज गौरवी चहाला गेली, वही टेबलावरच विसरली. दार लोटून सुलोचनाने वही उघडली. पानोपानी तिचंच नाव! “मॉनिटर बघण्याआधी सुलोचना सिस्टरनी पेशंटची पावलं चाचपली. का?” “‘बरं आहे’ म्हणणाऱ्याच्या खाटेशी जास्त थांबल्या. का?” तीस वर्षांत तिला कुणी ‘का?’ विचारलंच नव्हतं. बाहेर चपला वाजल्या. वही न मिटता तिने पहिल्या ‘का’खाली लिहिलं, “ब्लडप्रेशर पडण्याआधी पावलं थंड पडतात. उद्या हात लावून बघ.”